पहिल्या खुंटीवरचं जॅकेट

१

विश्वास मोजणाऱ्यावर ठेवावा, की मोजणीवर? तुम्ही म्हणाल, दोन्ही एकच. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होतो.

कट्टा गावच्या बाजारात माझं दुकान होतं तेव्हाची गोष्ट सांगतो. एक गृहस्थ नारळ विकायला यायचा. गळा गोड. मोजताना आकडे गाऊन म्हणायचा आणि त्या सुरात सव्वीस-सत्तावीस दोनदा येऊन जायचे. ऐकणारा मान डोलवत राहायचा. मी शाळेत फार शिकलो नाही, पण एक दिवस गाणं ऐकायचं सोडलं आणि त्याचे हात बघत बसलो. त्या दिवसापासून तो माझ्याकडे गायला नाही. तोंडाकडे लक्ष देऊ नये, हाताकडे द्यावं, एवढी एकच विद्या मी बाजारात शिकलो आणि तिच्यावर संसार केला.

माझ्या वडिलांचीही मोजायची एक चाल होती. आपल्या बाजारात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. वडील त्याच्याही पुढचे. ते आधी रिकामा हात ढिगावरून फिरवून टोपलीत सोडायचे, "लाभ" म्हणायचे, आणि मग खरा नारळ उचलून "एक". मी लहानपणी विचारलं होतं, "बाबा, ता पयला कोणाचा?"

"जो कोणाचो नाय, तेचा," वडील म्हणाले आणि पुढे मोजू लागले.

मी पुन्हा विचारलं नाही. आकडे जुळत होते ना, मग कशाला विचारायचं?

आता मी नारळ मोजत नाही, माणसं मोजतो. तारकर्लीला माझ्या दोन होड्या आहेत. पाहुण्यांना खाडीच्या मुखाशी नेतो, तिथे ओहोटीला वाळूचा एक पट्टा उघडा पडतो, त्यावर उतरवतो, भरती चढायच्या आत परत आणतो. पट्टा मोठा देखणा. पण भरती आली की तिथे पट्टा होता हे सांगूनही पटत नाही. मागच्या हंगामात दुसऱ्या एकाच्या होडीने एक जोडपं तिथेच विसरलं. जाळ्यावर गेलेल्या लोकांनी गळाभर पाण्यातून काढलं म्हणून वाचलं. मी त्या बाईला किनाऱ्यावर चहा दिला. तिने कप हातात धरला, प्यायली नाही.

घरी येऊन ते सांगितलं, तेव्हा माझी सून दीपिका जेवता जेवता थांबली. विनीत, म्हणजे माझा मुलगा, जहाजावर असतो. दीपिका कुडाळची, पुण्यात संगणकाची नोकरी करत होती, ती सोडून इथे आलेली. म्हणाली, "बाबा, माणूस मोजूक चुकता. ह्या काम माका देवा."

२

दीपिकाची कल्पना अशी. प्रत्येक लाइफ जॅकेटात एक चपटी चकती शिवायची. टोलनाक्यावर गाडीच्या काचेवर असते तशी. होडीत चढताना, पट्ट्यावरून परत बसताना आणि शेवटी आमच्या खोलीच्या दारातून आत येताना यंत्र ती चकती आपोआप वाचणार. किती गेले, किती आले, सगळं फोनवर.

प्रोग्राम तिने लिहिला. पण ती रोज त्यात काहीतरी बदल करायची, आणि एक सुधारलं की दुसरं बिघडायचं. म्हणून तिला तो डबा हवा होता. त्याचं खरं नाव कंटिन्युअस इंटिग्रेशन सर्व्हर. मी डबाच म्हणतो. कुडाळच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतला जुना संगणक मी घासाघीस करून आणून दिला.

"अगो, पण पुण्यात तुम्ही ह्या सगळा ढगात करीत होतास मां?" मी विचारलं.

"पुण्यातल्यांका क्लाउड परवडता, बाबा. आमचा नेट वाऱ्यार. डबो हयच व्हयो."

"आणि तो करतलो काय?"

"मी प्रोग्रामात एक ओळ जरी बदललंय, तरी तो आपसूक जागो होतलो. सगळो प्रोग्राम नव्यान बांधतलो. मगे एक खोटी होडी भरून पाठयतलो, परत आणतलो आणि गेले तितके इले काय ता बघतलो. इले तर हिरवो, नाय तर तांबडो."

"खोटी होडी?"

"खोटी माणसां बसवन."

मला ते आवडलं. नवा तराजू आणला की आधी आपण घरचं वजन टाकून बघतोच की.

आमची खोली सुरूच्या झाडांखाली आहे. पत्र्याचं छप्पर, पुढे काउंटर, मागे जॅकेटांची खोली. मागच्या खोलीला दार एकच, काउंटरमधून. एक खिडकी आहे, तिला गज. भिंतीला ओळीने खुंट्या, खुंट्यांवर नारिंगी जॅकेटं. त्यांच्याखाली टेबलावर तो डबा बसला. हिरवा-तांबडा कळायला मी माझ्या जुन्या होडीचे दोन दिवे काढून दिले, एक डावीकडचा तांबडा, एक उजवीकडचा हिरवा. दीपिकाने ते काउंटरवर टांगून तारा डब्याला जोडल्या. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी मेलेली. "नवी हाडूक व्हयी," ती म्हणाली. मी म्हटलं, हाडूया. पण आणायची राहूनच गेली.

मग खोटी माणसं बसवायची वेळ आली. "नावां सांगा, बाबा," दीपिका बोटं कीबोर्डवर ठेवून म्हणाली. "आणि एक खरी चकती लागतली, दारातला यंत्र नीट वाचता काय ता बघूक. एक नंबराचा जाकेट बाजूक ठेवया. ता कोणाक देवचा नाय."

तिने पहिल्या खुंटीवरच्या जॅकेटावर खूण केली. मी समोर बसलो होतो, हात मांडीवर. काय झालं सांगू? नावं सांगायच्या आधी माझा रिकामा हात आपोआप उठला, टेबलावरून फिरला आणि मी म्हटलं, "लाभ."

तिने ते लिहिलं. एक नंबरचं जॅकेट, नाव लाभ. मग मी बाकीची सांगितली, यशोदा, सुगंधा, कोणकोण, बाजारातली आठवतील तशी. ती सगळी खरी माणसं होती, आपापल्या घरी सुखात. पहिलं तेवढं कोणाचंच नव्हतं.

डब्याचा पंखा घुरघुरला. आतून धाप लागल्यासारखा आवाज वाढत गेला. पडद्यावर 'होडी सोडली' असं आलं. मग काही नाही. मग 'होडी आली'. काउंटरवर हिरवा दिवा लागला.

दीपिकाने टाळी वाजवली. मीही वाजवली.

३

पावसाळा सरत आला होता. दीपिका दिवसभर काहीतरी बदलायची, आणि प्रत्येक बदलाला डबा होडी सोडायचा, परत आणायचा. आमच्या होड्या अजून किनाऱ्यावर उलट्या पडल्या होत्या, पण ती होडी न चुकता जात होती. काउंटरवर सुपारी कातरत बसलो की मागून पंख्याची धाप ऐकू यायची, मग हिरवा. सवय झाली.

एका दुपारी धाप सुरू झाली आणि वीज गेली.

आमच्याकडे वीज जाणं म्हणजे नवल नव्हे. कावळा तारेवर बसला तरी जाते. पंखा हळूहळू थांबला. काउंटरवरचे दोन्ही दिवे काळे. थोड्या वेळाने वीज आली, डबा उठला, पहिल्यापासून सुरू झाला. सोडली, आली, हिरवा. मी सुपारी कातरली.

संध्याकाळच्या आत मी मागच्या खोलीत काहीतरी आणायला गेलो तर पायाखाली ओलं. पहिल्या खुंटीखाली पाण्याचं थारोळं. वर बघितलं तर एक नंबरचं जॅकेट ठिबकत होतं. शेजारचं कोरडं, त्याच्या शेजारचं कोरडं.

पहिला संशय पत्र्यावर. पण पाऊस आठवडाभर नव्हता, आणि पत्रा कोरडा ठणठणीत. व्यापाऱ्याची प्रयोगशाळा म्हणजे त्याची जीभ. बोट लावून चाखलं. खारं.

दुसरा संशय प्रीतमवर. प्रीतम माझा होडीवाला, चाळिशीतला गडी, हात सोन्याचा, पण मित्रमंडळी फार. कोणाला तरी गुपचूप डुबकी मारायला नेलं असणार. मी त्याला बोलावलं, चहा पाजला, हवापाण्याचं विचारलं आणि मग म्हटलं, "प्रीतम, एक नंबराचा जाकीट खंय फिराक गेला होता रे?"

त्याने कप खाली ठेवला. "शेटानू, माझ्यार संशय?"

"तुझ्यार नाय. जाकटार."

"मगे जाकटाक चहा पाजा!" तो उठला. दारात थांबला आणि वळून म्हणाला, "शेटानू, होडयो अजून उलट्यो आसत. नेवचा तर कशातसून?"

हे मात्र मला सुचलं नव्हतं.

४

मी शेंदरी सुतळी घेतली. पूर्वी मुंबईला माल पाठवायचो तेव्हा गोणीच्या तोंडाला मी एक गाठ मारायचो. ती सोडून पुन्हा तशीच मारणारा मला अजून भेटलेला नाही. एकाने प्रयत्न केला होता, त्याने माझ्याशी पुढे व्यवहार केला नाही. तीच गाठ मी एक नंबरच्या जॅकेटाला मारली, खुंटीसकट. खोलीला कुलूप, किल्ली कमरेला.

पुढचे काही दिवस शांत गेले. दीपिका बदल करत होती, हिरवा दिवा लागत होता. मग एकदा भर दुपारी पुन्हा वीज गेली. मी पंखा थांबेपर्यंत कान देऊन ऐकलं. पंखा थांबल्यावर खोलीत जी शांतता उरली ती रिकाम्या खोलीची वाटली नाही. कोणीतरी श्वास धरून बसावं तशी होती. मी स्वतःलाच हसलो. दुकानात एकटा बसणारा माणूस शेवटी उंदराशीही बोलतो.

वीज आली. मी कुलूप काढलं.

गाठ माझीच होती. बोटाने चाचपून बघितली, पीळ माझा, टोक माझं. आणि जॅकेट ठिबकत होतं. जॅकेटाच्या बंदाच्या खोबणीत चिमूटभर वाळू. आमच्या किनाऱ्याची नव्हे, आमची पांढरट आणि जाड. ही बारीक, राखाडी. खाडीच्या मुखाशी असते तशी.

तिसरा संशय कोणावर घ्यायचा? घरच्या माणसावर. मी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "दीपिका, आज दुपारी प्रोग्रामात काय बदललंस गो?"

"काय नाय. आज मी कुडाळाक आवशीकडे गेललंय मां?"

"मगे डबो कशाक जागो झालो?"

तिने मान वर केली. "झालो?"

"धाप आयकलंय मी. वीज जाऊच्या आधी."

तिने ताट बाजूला सारलं. नंतर लॅपटॉप घेऊन बसली आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. काय दिसलं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. घरात दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवायला लागली की भाजीत मीठ आहे की नाही यावर फार बोलणं होतं. तसं आमचं झालं.

हंगाम उघडला. होड्या पाण्यात घातल्या, नारळ फोडला, आणि खऱ्या माणसांवर यंत्राची चाचणी सुरू झाली. प्रत्येक चकतीचं नाव धरून हिशेब करायचा पहिला बेत फसला. लोक वाळूवर जॅकेटं काढतात, परतताना हाताला लागेल ते घालतात, दोन होड्यांची सरमिसळ होते. सारखा तांबडा लागायचा. मी म्हटलं, "गोणी मोज गो. आतलो दाणो कशाक बघतंस?" तिने नुसता आकडा धरला.

तरीही अधूनमधून तांबडा. आणि गंमत बघा, कमी आले म्हणून कधीच नाही. नेहमी एक जास्त आलेला.

"यंत्र कोणाचीतरी चकती दोनदा वाचता," दीपिका म्हणाली.

"कोणाची?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "बाबा, पुढल्या आठवड्यात सगळे होडीवाले बघूक येतले. त्यांनी घेतल्यानी तर ह्या किनाऱ्यार परत कोण वाळयेर रवाचो नाय. आणि त्यांच्यासमोर तांबडो लागलो तर माझो सगळो खेळ बंद. माका परत पुण्याक जावचा लागतला."

मी सासरा आहे, पण आधी व्यापारी आहे. आणि व्यापाऱ्याला तूट दिसते, वाढ दिसत नाही. मी म्हटलं, "कमी इले तर बोंब मार. जास्त इले तर कोणाचा काय गेला? जास्त इलो तरी हिरवो कर."

तिने तशी ओळ बदलली. आतून धाप ऐकू आली. हिरवा.

५

होडीवाले आले त्या दिवशी आकाश स्वच्छ होतं, वारा नावापुरता. विराज सगळ्यांच्या पुढे. त्याच्या चार होड्या, आणि जीभ त्याहून मोठी.

"काय गुरुदासशेट, होडयेकय सून आणल्यात? तीच मोजतली, तीच हाकतली, मगे तुम्ही काय करतलात?"

"मी तुका चहा पाजतलंय," मी म्हटलं. सगळे हसले.

दीपिकाने शुद्ध मराठीत सगळं समजावून सांगितलं, डबा दाखवला, दिवे दाखवले. मग निम्मे होडीवाले पाहुणे होऊन प्रीतमच्या होडीत बसले. दीपिकाही बसली, पट्ट्याच्या टोकापर्यंत फोनला रेंज मिळते का ते तिला बघायचं होतं. जाताना मला म्हणाली, "बाबा, हिरवो लागल्याबगर चहा ओतू नकात हां." विराज आणि उरलेले माझ्याबरोबर काउंटरवर थांबले.

होडी गेली. पडद्यावर आकडा आला. विराज फोन बघत बसला, मी चहाचं आधण ठेवलं. मागच्या खोलीत पंखा चालू होता. कोणी काही बदललं नव्हतं, तरी चालू होता. मी विराजशी मोठ्याने बोलत राहिलो, त्याच्या मुलीच्या लग्नाचं, माशांच्या भावाचं.

मग वीज गेली. "आयलाऽ, तुमचो डबो गेलो," विराज म्हणाला. गेली तशी लगेच आलीही. पंखा पुन्हा सुरू झाला.

थोड्या वेळाने पडद्यावर दुसरा आकडा आला. पट्ट्यावरून सगळे होडीत बसले होते. जितके गेले तितकेच. जास्त नाही, कमी नाही. मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, मी त्या आकड्याला मनातल्या मनात नमस्कार केला आणि चहा ओतायला घेतला.

होडी किनाऱ्याला लागली. माणसं हसत, पाय झाडत वर आली आणि एकामागून एक दारातून आत शिरली. यंत्र प्रत्येकाला टुक म्हणत होतं. मी कपात चहा ओतत होतो, नजर कपाकडे. "येवा, येवा. जाकेटां मागच्या खोलयेत लावा." टुक. टुक. ते गेले तसे जॅकेट ठेवून परत आले, कप उचलले.

शेवटचा थोडा मागे होता. टुक झालं. माझ्या अंगावरून गार वारा गेला आणि खारा वास आला, किनाऱ्यावर सुकायला टाकलेल्या जाळ्याचा येतो तसा. मी कपावरची नजर न काढता म्हटलं, "पयल्या खुंटयेर लावा. थंय जागा आसा."

काउंटरवर हिरवा दिवा लागला. होडीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. विराजसुद्धा म्हणाला, "मानलंय."

माझ्या हातात शेवटचा कप होता. दीपिकाचा. तिला कमी साखर लागते.

"दीपिका खंय?" मी विचारलं.

प्रीतम दारात उभा होता, दोरी गुंडाळत. "मागे बसलेली," तो म्हणाला. "फोनार आकडो पुरो झालो तेव्हा सोडलंय मी."

"बघितलंस तिका?"

"आकडो..." तो म्हणाला आणि दोरी त्याच्या हातातून सुटली.

मी मागच्या खोलीकडे बघितलं. शेवटचा जो आत गेला होता, तो बाहेर आला नव्हता. दार एकच. मी कप ठेवून उठलो. चार पावलांवरचं दार, पण मला ते लांब वाटलं. आत पंखा धापा टाकत होता. खिडकीतून ऊन जॅकेटांवर पडलं होतं. कोणी नव्हतं. पहिल्या खुंटीवर एक नंबरचं जॅकेट नुकतंच कोणीतरी अडकवावं तसं हलत होतं, आणि त्याच्या खालून पाणी ठिबकत होतं. माझी शेंदरी गाठ जशीच्या तशी होती.

प्रीतम पाण्याकडे धावला होता. मी त्याच्यामागे धावलो. या वयात मी तसा पुन्हा धावणार नाही.

६

भरती चढली होती. पट्टा दिसत नव्हता. पाण्याखाली कुठेतरी फिकट डाग, आणि त्याच्यावर दीपिका, कमरेच्या वर पाणी, दोन्ही हात वर. ती ओरडत नव्हती. ओरडून झालं असावं.

प्रीतमने तिला ओढून होडीत घेतलं. मी माझा शर्ट काढून तिच्या खांद्यावर टाकला. ती किनाऱ्याकडे बघत नव्हती, मागे बघत होती, खाडीच्या मुखाकडे.

"मी हाका मारीत होतंय," ती शेवटी म्हणाली. "प्रीतमदादा मागे बघतलो म्हणान. माझ्या जागेर कोणतरी बसलेला, बाबा."

"कोण?"

"पाठमोरा होता. जाकेटाचो नंबर दिसलो." तिने मला नंबर सांगितला नाही. "आणि ता मोजीत होता."

"म्हणजे?"

तिने आपला रिकामा हात उचलला आणि होडीतल्या बाकांवरून, प्रीतमवरून, माझ्यावरून सावकाश फिरवला. मी तो हात धरून खाली ठेवला.

खोलीवर आल्यावर तिने लाभ हे नाव यादीतून काढलं. डब्याची तार मी स्वतः उपटली. एक नंबरचं जॅकेट आम्ही वाळवायचा प्रयत्न केला. दोन उन्हं दाखवली, वाळलं नाही, तेव्हा प्रीतमने ते नेलं. कुठे टाकलं विचारू नका, म्हणाला. होडीवाल्यांना दीपिकाने खरं तेवढं सांगितलं, की यंत्रावर विसंबून ती स्वतः मागे राहिली, आणि हे यंत्र कोणी घेऊ नये. विराजने टोमणा मारला नाही. तिच्यासाठी घरून सोलकढी पाठवली. ती पुण्याला गेली नाही. आता माझ्याबरोबर काउंटरवर बसते, आणि आम्ही माणसं मोजतो, नाव विचारून, चेहऱ्याकडे बघून.

एका दुपारी सुपारी कातरताना मी तिला विचारलं, "गो, वीज गेली तेव्हा जी होडी सोडलेली, ती परत इली?"

"नाय, बाबा. वीज इल्यार डबो नवीन होडी सोडी. पयली मोडान जाय, आतल्या लाभासकट."

"मोडान जाय म्हणजे खंय जाय?"

ती हलकेच म्हणाली, "पावसाळ्यात वीज किती वेळा गेली, आठवता तुमका?"

मला आठवत नव्हतं. आमच्याकडे ते कोण मोजतं?

परवा सकाळी मी मागची खोली उघडली. टेबल रिकामं, डबा नाही. पहिली खुंटी रिकामी. दुसऱ्या खुंटीवरचं जॅकेट ठिबकत होतं. आणि तिसऱ्यावरचंही.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमचं दुकान असो, होडी असो, लग्नाची पंगत असो, हिशेब सचोटीने ठेवा. कमी आलं तर सगळेच बोंब मारतात, त्यात काही मोठेपण नाही. जास्त आलं तर ते दडवू नका, जमेत ढकलू नका. हातातला कप खाली ठेवा, मान वर करा, आणि कोण आलंय ते बघा.